शेतकऱ्याचा फोन कोणीं उचलावा?

शेतकऱ्याची शंका ही दुधासारखी नाशवंत असते. ज्या दिवशीं ती उत्पन्न होते त्याच दिवशीं तिला उत्तर मिळालें तर उपयोग. चार दिवसांनीं मिळालेलें उत्तर कितीही विद्वत्तेचें असलें तरी तें पिकाच्या कामीं येत नाहीं. हळदीचीं पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे ती कंदकुजीची सुरुवात आहे कीं नुसतें अन्नद्रव्य कमी पडलें आहे, हें त्याच आठवड्यांत ठरवावें लागतें. मृगाची पहिली सर पडल्यावर पेरावें कीं थांबावें, हें तर एका रात्रींत ठरवावें लागतें. अशा वेळीं सेनगांव तालुक्यांतील साखरा आणि भोवतालच्या गांवांतील शेतकरी काय करतो? तो कोणाला तरी फोन लावतो. तो फोन पलीकडे कोण उचलतो, कोणाच्या वतीनें उचलतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचें पुढें काय होतें, या तीन गोष्टींचा विचार आपल्या संस्थेनें करण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख.

आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. संस्थेच्या कचेरींत एक साधा घरगुती संगणक असावा व तो इंटरनेटच्या वाटेनें फोनाशीं जोडलेला असावा. सभासदाचा फोन आला कीं, दिवस असो वा रात्र, तो संगणकानें आपोआप उचलावा, मराठींत दोन शब्द बोलावे, प्रश्न ऐकून जपून ठेवावा आणि जाणत्या माणसाकडे पोंचवावा. त्या माणसानें दिलेलें उत्तर संगणकानें विचारणाऱ्याच्या कानीं घालावें. फोन उचलण्याचें काम यंत्राचें, उत्तर देण्याचें काम माणसाचें, आणि यंत्राची किल्ली संस्थेच्या हातीं. या तिहींपैकीं एकही गोष्ट सुटत असेल तर ही योजना हातीं धरूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यंत्रानें फोन उचलणें ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. विहिरीवरच्या स्टार्टरला जोडावयाचें मोबाईलचें यंत्र पुष्कळांनीं पाहिलें आहे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनीं तयार केलेलें नॅनो गणेश हें त्यांतलेंच. शेतकरी घरून फोन लावतो; स्टार्टरजवळचें यंत्र तो उचलतें, वीज आहे कीं नाहीं हें खुणेच्या आवाजानें कळवितें, आणि अंक दाबला कीं पंप चालू किंवा बंद करतें. 2009 सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत या यंत्राचा गौरव झाला. मध्यरात्रीं वीज आली म्हणून अंधारांत, विंचू-काट्यांतून शेत गांठण्याचें ज्याचें चुकलें, त्याला यंत्रानें उचललेल्या फोनाची किंमत निराळी सांगावयास नको. परंतु पंपाचा प्रश्न चालू आणि बंद या दोन शब्दांत मिटतो. पिकाचा प्रश्न तसा मिटत नाहीं. म्हणून तेथें यंत्रानें कोठपर्यंत यावें आणि कोठें थांबावें याची रेघ आधींच आंखून ठेविली पाहिजे.

सरकारनें या दिशेनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. 21 जानेवारी 2004 रोजीं केंद्र सरकारनें किसान कॉल सेंटर सुरू केलें. 1800-180-1551 या क्रमांकावर, पैसे न पडतां, सकाळीं 6 पासून रात्रीं 10 पर्यंत, मराठीसह 22 भाषांत शेतीविषयक उत्तर मिळतें. आमच्या वाचकांनीं त्याचा उपयोग अवश्य करून घ्यावा. पण अशा सेवेस एक स्वाभाविक मर्यादा आहे. दूरच्या शहरीं बसलेल्या सल्लागारास साखऱ्याच्या शिवारांत काल किती पाऊस झाला हें ठाऊक नसतें. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरूं नये, हा नियम तो बिनचूक सांगेल. परंतु ओढ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पलीकडे पडला कीं नाहीं, आणि त्या काळ्या जमिनींत ओल किती खोल गेली, हें त्या गांवचा माणूसच सांगूं शकेल. नियम आणि शिवार यांची गांठ जो घालून देतो तोच खरा सल्ला. दुबार पेरणीचा खर्च ज्यानें सोसला आहे त्यास याहून अधिक सांगणें नलगे.

दुसरी गोष्ट, फोनाच्या मध्यें कोण बसतो याला फार महत्त्व असतें. याविषयीं अमेरिकेंतील एक जुनी कथा सांगतात. कॅन्सस शहरीं आल्मन स्ट्रॉजर नांवाचा, अंत्यविधीची व्यवस्था करून देणारा एक व्यावसायिक होता. त्या काळीं प्रत्येक फोन एक्स्चेंजमध्यें हातानें जोडून द्यावा लागे. जोडून देणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी असून त्याच्याकडे येणारीं गिऱ्हाइकें ती आपल्या नवऱ्याकडे वळविते, असा त्याला संशय आला. त्या चिडींतून त्यानें आपोआप फोन जोडणारें यंत्र काढलें, अशी ही कथा आहे. 1891 सालीं त्याला पेटंट मिळालें आणि 1892 सालीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट गांवीं तसलें एक्स्चेंज सुरू झालें. आपल्याही फोनाच्या मध्यें आज कितीएक लोक बसूं पाहत आहेत. कोणी औषध विकतो, कोणी बियाणें विकतो, कोणी कर्ज विकतो; आणि ते सर्वजण सल्ला मात्र फुकट देतात. सल्ल्याचा आणि विक्रीचा गल्ला एकच असला म्हणजे सल्ल्याची किंमत बाटलीच्या किंमतींत वसूल होते. म्हणून ही मधली जागा कोणाच्याही दुकानाची नसून आपल्या संस्थेची असावी, हा आमच्या सूचनेचा गाभा आहे.

एवढें मोठें काम खेड्यांतल्या संस्थेला झेपेल काय, अशी शंका येणें साहजिक आहे. फोनाचें मोठें यंत्र म्हणजे थंड हवेची खोली आणि शहरांतला इंजिनियर, हा समज आपल्याच देशांत एकदां खोटा ठरला आहे. 1984 सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें खेड्यांसाठीं 128 जोडण्यांचें स्वयंचलित एक्स्चेंज बनविलें. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. 1986 सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें तें प्रथम बसलें आणि पुढें देशांतील असंख्य खेडीं त्यामुळें फोनाशीं जोडलीं गेलीं. आतां तर तें कामही एका लहानशा संगणकांत मावतें. 1999 सालीं मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणास आपल्या छोट्या धंद्यासाठीं फोनाचें यंत्र हवें होतें आणि तें विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यानें साध्या संगणकालाच तें काम शिकविणारें सॉफ्टवेअर लिहिलें, त्याचें नांव ॲस्टरिस्क ठेविलें आणि तें सर्वांस मोफत खुलें केलें. तें आजही मोफत मिळतें, आणि जाणकार माणूस त्यांत आपल्या गरजेप्रमाणें फेरफारही करूं शकतो. गरजेपोटीं जन्मलेलें तें अवजार आहे. आपली गरज त्याहून निराळी नाहीं.

त्याचें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. परवानाधारक फोन कंपनीकडून संस्थेनें एक क्रमांक घ्यावयाचा. त्या क्रमांकावर आलेला फोन कंपनी इंटरनेटवरून आपल्या संगणकाकडे पाठविते. पूर्वीं देशांतील सामान्य फोन आणि इंटरनेटवरील फोन यांची अशी गांठ घालण्यावर निर्बंध होते. 2018 सालीं दूरसंचार विभागानें परवानाधारक कंपन्यांस ती मोकळीक दिली. फोन आला कीं संगणक तो उचलतो आणि आपणच ध्वनिमुद्रित केलेलें वाक्य ऐकवितो: हळदीसाठीं 1 दाबा, सोयाबीनसाठीं 2, कापूस-तुरीसाठीं 3, बाजारासाठीं 4. मग खूण वाजते, शेतकरी आपला प्रश्न आपल्या बोलींत सांगतो, आणि संगणक तो दिवस, वेळ व क्रमांक यांसह नोंदून ठेवितो. उत्तर देणाऱ्या गृहस्थांनीं सवडीनें फोन लावून प्रश्न ऐकावा व तेथेंच उत्तर बोलून ठेवावें. संगणक विचारणाऱ्यास फोन लावून तें ऐकवितो. यांत कोणालाही लिहावें लागत नाहीं, महागडा मोबाईल लागत नाहीं. बटणांचा जुना फोन पुरतो. घरांतील ज्या वृद्धांस वा स्त्रियांस लिहितां येत नाहीं पण शेताची खडान्‌खडा माहिती आहे, त्यांचाही प्रश्न त्याच मानानें नोंदला जातो. हा लाभ लहान नव्हे.

आतां यास लागतें किती तें पाहूं. फोनावरचा आवाज साध्या पद्धतीनें अंकांत बदलला तर सेकंदाला 64 किलोबिट होतात. वाटेवरचीं वेष्टनें धरून सुमारें 90. म्हणजे एकाच वेळीं दहा फोन चालू असले तरी जातां-येतां प्रत्येकीं एक मेगाबिटाच्या आंत काम भागतें. त्याच मापानें एक मिनिटाचें बोलणें 480 किलोबाईट जागा घेतें. दोन दोन मिनिटांचे हजार प्रश्न एका गिगाबाईटांत मावतात. नखाएवढ्या 32 गिगाबाईटच्या कार्डावर असे वीस हजारांहून अधिक प्रश्न राहतील. संगणकाविषयीं म्हणावें तर घरीं अडगळींत पडलेला जुना संगणकही चालेल. पण रास्पबेरी पायसारखा हातावर मावणारा संगणक घेतला तर तो थोड्याशा वॉटवर चालतो, आणि भारनियमनांत घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तो व इंटरनेटची पेटी दिवसभर सहज निभावून जातात. ज्या तालुक्यांत वीज कधीं येईल याचा नेम नाहीं, तेथें ही गोष्ट आधीं पाहिली पाहिजे.

हा केवळ कागदी विचार नाहीं. शेजारच्या गुजराथेंत 2009 सालीं 'आवाज ओटलो' नांवाचा असाच प्रयोग सात महिने 51 शेतकऱ्यांत झाला. शेतकऱ्यांनीं फोनावर प्रश्न बोलून ठेवावयाचा, तज्ज्ञांनीं व इतर शेतकऱ्यांनीं उत्तर बोलून ठेवावयाचें, आणि सर्वांनीं तें ऐकावयाचें, अशी त्याची रीत होती. आधीं मुद्रित केलेलीं भाषणें ऐकण्यापेक्षां दुसऱ्या शेतकऱ्यांचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें ऐकण्याकडे लोकांचा ओढा अधिक दिसला. त्याच मंडळींच्या पुढच्या एका चांचणींत आणखी एक मौज आढळली. विचारलें असतां शेतकरी म्हणत कीं आम्हांस शास्त्रज्ञाचा सल्ला हवा. पण प्रत्यक्षांत तोच सल्ला एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर अधिक माहितीसाठीं ते अधिक संख्येनें पुन्हां फोन करीत. छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं 2010 सालीं सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वर' मध्यें आदिवासी लोक आपलीं गाऱ्हाणीं फोनावर बोलून ठेवीत, आणि तपासणी होऊन तीं सर्वांस ऐकावयास मिळत. दोन्ही ठिकाणीं यंत्र निमित्तमात्र. खरें बळ माणसाच्या आवाजाचें होतें.

यावर कोणी म्हणतील कीं व्हॉट्सॲपवर गट आहेतच, मग हा खटाटोप कशाला? गट आहेत हें खरें. पण सकाळचा प्रश्न दुपारपर्यंत शुभेच्छांच्या पुरांत वाहून जातो. उत्तर कोणीं दिलें, तें बरोबर होतें कीं नाहीं, याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. गेल्या वर्षीं याच पंधरवड्यांत काय विचारलें गेलें होतें, हें शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं. संस्थेच्या संगणकांत मात्र प्रश्नांची एक वहीच तयार होत जाईल. कोणत्या गांवीं, कोणत्या नक्षत्रांत, कोणता रोग प्रथम दिसला याची अशी दहा वर्षांची वही हातीं असली तर तिचें मोल एखाद्या प्रयोगक्षेत्राहून कमी ठरणार नाहीं. त्या वहींतील निवडक प्रश्न आणि उत्तरें या मासिकांतही दरमहा छापतां येतील, आणि एकाची शंका हजारांच्या उपयोगी पडेल.

दुसरे म्हणतील, आतां बोलतीं यंत्रें स्वतःच उत्तर देऊं लागलीं आहेत; मग माणूस मध्यें कशाला हवा? सरकारी योजनेची माहिती, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, एवढ्यापुरतें यंत्रानें उत्तर द्यावयास आमची हरकत नाहीं. 2025 सालीं महाराष्ट्र शासनानें शेतकऱ्यांसाठीं महाविस्तार हें मराठी ॲप काढलें तेंही याच वाटेवरचें पाऊल होय, आणि तें वापरून पाहण्यासारखें आहे. परंतु औषधाची मात्रा आणि औषधांचें मिश्रण हा विषय निराळा. 2017 सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले आणि शेंकडों आजारी पडले. जेथें चुकीची किंमत प्राण आहे, तेथें उत्तराखालीं कोणा तरी माणसाचें नांव असलेंच पाहिजे. यंत्र चुकलें तर त्याला जाब विचारतां येत नाहीं. त्याला संस्थेच्या सभेंत उभें करतां येत नाहीं, आणि त्याला लाज वाटत नाहीं. माणसाला वाटते. ती लाज हाच सल्ल्याचा खरा तारण आहे.

अडचणी नाहींत असें नाहीं. इंटरनेटला जोडलेला फोनाचा संगणक म्हणजे रस्त्यावरचें घर. जगभरांतील चोर त्याचें दार रात्रंदिवस ठोठावतात, आणि सांकेतिक शब्द कच्चा असला तर आपल्या खर्चानें परदेशीं फोन करून मोकळे होतात. म्हणून परदेशीं फोन मुळांतच बंद ठेवावे, खात्यांत थोडेच पैसे ठेवावे, आणि सांकेतिक शब्द लांबलचक व कोणास न सुचणारा असावा. दुसरी अडचण कायद्याची. परवान्याशिवाय खाजगी एक्स्चेंज थाटून लोकांचे फोन इकडचे तिकडे करणें हा गुन्हा आहे. आपण फक्त परवानाधारक कंपनीच्या क्रमांकावर, आपल्या सभासदांचेच फोन घ्यावयाचे आहेत. व्यापारी प्रचाराच्या फोनांवर 2018 च्या नियमांचें बंधन आहे, आणि माणसाच्या खाजगी माहितीविषयीं 2023 सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला आहे. म्हणून बोलणें नोंदलें जात आहे हें आरंभींच सांगावें, ज्याची संमति नसेल त्याचें नोंदूं नये, आणि कोणी पुसून टाका म्हटलें तर पुसून टाकावें.

सर्वांत मोठी अडचण मात्र यंत्राची नसून आपली आहे. संगणक फोन उचलील. पण उत्तर देण्यासाठीं माणूस न मिळाला तर तो संगणक म्हणजे शंकांची कोठी होईल. तीन दिवस उत्तर न मिळालेला शेतकरी चौथ्या दिवशीं फोन करणार नाहीं, आणि त्यांत त्याचा दोष नसेल. म्हणून यंत्र विकत घेण्याआधीं उत्तर देणारीं माणसें निश्चित झालीं पाहिजेत. परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ आणि कळमनुरी तालुक्यांतील तोंडापूरचें कृषि विज्ञान केंद्र यांच्याकडे संस्थेनें रीतसर विनंति करावी. त्यांच्या जोडीला हळदींत वा सोयाबिनांत ज्यांचा हात बसलेला आहे अशा आपल्याच पांच-सहा सभासदांनीं आठवड्यांतला एक एक दिवस वांटून घ्यावा. रोज सायंकाळीं अर्धा तास, एवढेंच काम आहे. देवळांतल्या दिव्याची पाळी जशी घरोघर ठरलेली असते, तशी ही पाळी ठरावी.

येत्या सर्वसाधारण सभेपुढें हा विषय यावा, आणि पुढील चार अटींसह त्यावर निर्णय व्हावा, अशी आमची सूचना आहे. एक, उत्तर चोवीस तासांच्या आंत मिळावें आणि उत्तर देणाऱ्यानें आपलें नांव सांगावें. दोन, औषधाची मात्रा यंत्रानें कधींही सांगूं नये. तीन, ज्यानें विचारलें त्यालाच फोन जावा. बी-बियाणें, औषध वा कर्ज यांचा प्रचार या क्रमांकावरून कितीही पैसे मिळाले तरी होऊं नये. चार, प्रश्नांची वही संस्थेची राहावी आणि ती सभेच्या ठरावाशिवाय कोणासही विकूं वा देऊं नये. प्रथम एका खरीप हंगामापुरता, फक्त सोयाबीन आणि हळद या दोन पिकांपुरता प्रयोग करावा. हंगामाच्या शेवटीं किती प्रश्न आले, किती उत्तरें वेळेवर गेलीं आणि किती राहिलीं याचा हिशेब याच मासिकांत छापावा, आणि हिशेब समाधानकारक नसेल तर यंत्र बंद करावें.

शेतकऱ्याच्या मालाचा भाव दुसऱ्यांनीं ठरवावा, बियाण्याचा दर दुसऱ्यांनीं ठरवावा, हें आपण फार वर्षें पाहत आलों. आतां त्याचा प्रश्नही दुसऱ्यांच्या पेटींत जमा होऊं लागला आहे. प्रश्न हा शेतकऱ्याचा अनुभवच असतो, आणि अनुभव ही शेताइतकीच मोलाची मिळकत आहे. ती मिळकत आपल्या नांवावर ठेवण्यास एक लहानसा संगणक, एक फोनाचा क्रमांक आणि पांच-सहा माणसांचा अर्धा अर्धा तास पुरेसा आहे. पहिल्या दोन गोष्टी पैशानें मिळतात. तिसरी सभासदांनींच दिली पाहिजे, आणि ती ते देतील असा आमचा भरंवसा आहे.